काजळी आणि उरलेले ऐंशी टक्के

घरोघरी गॅस येण्याआधी पितळी स्टोव्ह पेटवणं हे एक कसब होतं. बर्नरखालच्या वाटीत जांभळट स्पिरिट ओतायचं, काडी लावायची आणि थांबायचं. स्पिरिटची ज्योत निळसर, दिवसाउजेडी धड दिसतही नसे, आणि तिच्यावर भांडं धरलं तरी बूड काळं होत नसे. बर्नर तापला की पंप मारायचा. रॉकेलची वाफ होऊन घोंघावत निळी ज्योत लागायची. पण घाई केली, बर्नर पुरता तापायच्या आत पंप मारला, तर रॉकेल पातळच वर यायचं, पिवळाजर्द भडका उठायचा आणि काजळीचे तंतू छतापर्यंत जायचे. "जरा दम धर, वाफ होऊ दे," असं आई म्हणायची. ज्वलनशास्त्राच्या पुस्तकातला एक आख्खा धडा त्या वाक्यात आहे, हे फार उशिरा कळलं.

पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळल्याने काजळी घटते की वाढते, या प्रश्नाची बरीचशी उत्तरं त्या स्टोव्हपाशीच सापडतात. स्पिरिट काजळी करत नाही, हे खरं. इंधनाची नीट वाफ झाली नाही तर काजळी होते, हेही खरं. गोम अशी की इंजिनात गेलेलं इथेनॉल दोन्ही बाजूंनी खेळतं. ते स्वतः स्वच्छ जळतं आणि शेजारच्या पेट्रोलची वाफ होण्यात कधीकधी मोडता घालतं. कोणती बाजू जिंकणार हे इथेनॉलपेक्षा इतर गोष्टींवर जास्त ठरतं, असं गेल्या वीसेक वर्षांतलं संशोधन वाचताना वारंवार जाणवतं. आपल्याकडे मात्र सगळी चर्चा 'वीस टक्के' या आकड्याभोवती फिरते. उरलेल्या ऐंशी टक्क्यांत काय आहे, हे कुणी विचारत नाही.

काजळी म्हणजे जळायची राहून गेलेली कोळशाची पूड, असा समज असतो. तसं नाही. ती ज्योतीच्या पोटातच घडते. मायकेल फॅरेडेने १८६०-६१च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसमोर मेणबत्तीवर व्याख्यानं दिली. ज्योतीचा पिवळा उजेड म्हणजे तिच्यात तापून झळकणारे कार्बनचे घन कण, हे त्याने तिथे प्रयोग करून दाखवलं होतं. आपल्या आज्यांना हे व्याख्यानाविनाच ठाऊक होतं. तुपाच्या दिव्यावर तांब्याचं भांडं उपडं धरून काजळ धरायचं ते याच कणांचं. गार धातू ज्योतीत आला की कण जळून जायच्या आत त्याला चिकटतात. भांडं नसतं तर त्यातले बहुतेक ज्योतीच्या टोकाशी जळून गेले असते.

हवा कमी आणि उष्णता भरपूर अशा जागी इंधनाचे रेणू तुटतात आणि अ‍ॅसिटिलीनसारखे छोटे तुकडे तयार होतात. हे तुकडे एकमेकांना जोडले जाऊन सहा कार्बनांचं कडं बनतं, ते बेंझिन. कड्याला कडं लागत जातं, पापुद्रे तयार होतात, पापुद्र्यांचे वीस-तीस नॅनोमीटरचे मणी होतात आणि मण्यांच्या माळा. त्याच वेळी ऑक्सिजन आणि हायड्रॉक्सिल या मण्यांना कुरतडत असतात. नळकांड्यातून बाहेर पडते ती या दोन कामांमधली वजाबाकी. या सगळ्यात पहिलं कडं जुळणं सर्वांत अवघड. एकदा ते झालं की पुढचं भराभर होतं. आणि पेट्रोलमध्ये ही कडी आयती असतात. टोल्युईन, झायलीन आणि त्यांचे जडजड भाऊबंद यांना मिळून अ‍ॅरोमॅटिक म्हणतात. बीएस-६ या आपल्याकडच्या मानकाच्या पेट्रोलमध्ये त्यांना आकारमानाने ३५ टक्क्यांपर्यंत मुभा आहे. त्यातल्या बेंझिनवर एक टक्क्याची वेगळी मर्यादा आहे. ती बेंझिन कर्करोगकारक म्हणून घातलेली आहे, तिचा काजळीशी फारसा संबंध नाही.

आता इथेनॉल. वजनाने जवळजवळ ३५ टक्के ऑक्सिजन असलेला हा रेणू आपली शिदोरी बरोबर घेऊनच ज्योतीत उतरतो, म्हणून काजळी होत नाही, असं सर्वसाधारण स्पष्टीकरण दिलं जातं. ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये, या हिशेबाने वजनाने सात टक्क्यांहून थोडा जास्त ऑक्सिजन येतो. स्पष्टीकरण चूक नाही, पण शिदोरी नेमकी कुठे सुटते ते त्यात येत नाही. तापलेला इथेनॉलचा रेणू दोन तऱ्हांनी मोडतो. एका तऱ्हेत दोन कार्बनांमधला बंध तुटतो. ऑक्सिजनला बांधलेला कार्बन फॉर्माल्डिहाइड आणि मग कार्बन मोनॉक्साइड होऊन निघून जातो, काजळीच्या खेळातून कायमचा बाद. दुसऱ्या तऱ्हेत रेणू पाणी टाकतो आणि एथिलीन उरतं. इथे ऑक्सिजन पाण्याबरोबर गेला आणि एकाही कार्बनच्या कामी आला नाही. शिदोरी होती, पण ती वाटेत सांडली.

यातून एक चक्रावणारा निकाल निघाला. येल विद्यापीठातल्या चार्ल्स मॅकइनली आणि लिसा फेफर्ली यांनी २००७मध्ये एथिलीनच्या साध्या ज्योतीत इथेनॉल मिसळून पाहिलं. या ज्योतीत इंधन आणि हवा वेगवेगळ्या येतात, मेणबत्तीसारख्या. काजळी वाढली. इथेनॉल मोडताना निघणाऱ्या मिथिल तुकड्यांनी तीन कार्बनांचे रेणू आणि त्यांतून बेंझिन जुळण्याला हातभार लावला होता. उलट इंधन आणि हवा आधीच मिसळून पेटवलेल्या ज्योतींत इथेनॉल घातलं की काजळी घटते, हे इतरांनी दाखवलेलं आहे. एकच पदार्थ, एकच एथिलीन, फक्त हवा कुठून येते एवढा फरक. याचा अर्थ इथेनॉल काजळी वाढवतं असा घ्यायचा नाही. एथिलीन मुळातच पेट्रोलपेक्षा बरंच कमी काजळी करतं, म्हणून तिथे इथेनॉलची ही बाजू दिसून आली. पण 'ऑक्सिजन आहे म्हणजे काजळी नाही' हे सूत्र इतकं सरळ नाही, एवढं त्यातून पक्कं झालं.

याच येलच्या मंडळींनी पदार्थांची काजळी करण्याची खोड मोजणारा निर्देशांक बनवला. हेक्झेनला ३० आणि बेंझिनला १०० धरलं तर त्या मापावर इथेनॉल दहाच्या आसपास येतं आणि टोल्युईन एकशेसत्तरच्या आसपास. एवढी दरी असल्यावर टोल्युईन काढून त्या जागी इथेनॉल घातलं तर काजळी घटणारच. 'काढून' हा शब्द इथे महत्त्वाचा. पेट्रोलमधून काय काढून त्या जागी इथेनॉल आलं, यावर पुढची निम्मी भांडणं आहेत.

उरलेली निम्मी भांडणं वाफेवरून आहेत, आणि मला स्वतःला ती जास्त रंजक वाटतात.

पंधरा-वीस वर्षांपूर्वीपर्यंत पेट्रोल गाडीची काजळी हा विषयच नव्हता. काळा धूर म्हणजे डिझेल. पेट्रोल इंजिनात इंधन सिलिंडरच्या बाहेर, हवेच्या वाटेत फवारलं जायचं. तापलेल्या झडपेवर पडून त्याची वाफ व्हायची आणि हवेत पुरती मिसळूनच ती आत जायची. आपल्याकडच्या बहुतेक गाड्या आणि बीएस-६ काळातल्या जवळजवळ सगळ्या दुचाकी अजूनही अशाच. मग कमी पेट्रोलमध्ये जास्त ताकद काढण्यासाठी थेट सिलिंडरमध्ये फवारणी करणारी इंजिनं आली. आज 'टर्बो पेट्रोल' म्हणून ज्या गाड्या विकल्या जातात त्यांतल्या बऱ्याच या जातीच्या. यांत दोनशे ते साडेतीनशे बार दाबाने इंधन मारतात. मिनिटाला तीन हजार फेऱ्यांवर चालणाऱ्या इंजिनाची एक फेरी वीस मिलिसेकंदांत होते. त्याहून कमी वेळात थेंबाची वाफ व्हायची, ती हवेत मिसळायची आणि ठिणगी पडायची. सकाळी इंजिन गार असताना काही थेंब पिस्टनच्या माथ्यावर, सिलिंडरच्या भिंतीवर, इंजेक्टरच्या टोकावर तसेच राहतात. ठिणगीनंतर भोवतालचा वायू जळतो आणि ही ओल पिवळ्या भडक्याने जळत राहते. म्हणजे आईचा स्टोव्ह, फक्त सेकंदाला पंचवीस वेळा. या गाड्यांची बरीचशी काजळी सुरू केल्यानंतरच्या पहिल्या मिनिट-दोन मिनिटांतच निघते, ती यामुळे.

इथेनॉल या वेळेच्या गणितात ढवळाढवळ करतं. पेट्रोलच्या किलोमागे वाफ व्हायला साधारण ३५० किलोज्यूल उष्णता लागते, इथेनॉलला नऊशेच्या आसपास. शिवाय त्यात ऊर्जा कमी, त्यामुळे तेवढ्याच हवेला ते जास्त घालावं लागतं. एक किलो पेट्रोलला साधारण पावणेपंधरा किलो हवा लागते, एक किलो इथेनॉलला नऊ. दोन्ही हिशेब एकत्र केले तर तेवढ्याच हवेत शुद्ध इथेनॉलची वाफ करायला चौपटीहून जास्त उष्णता हवी. हातावर स्पिरिट लावलं की गार वाटतं ते हेच. इंजिन तापलेलं असेल तर हा गारवा फायद्याचा, ठोका कमी होतो. गार इंजिनात तो अडचणीचा. ब्राझीलमध्ये निव्वळ इथेनॉलवर चालू शकणाऱ्या गाड्यांत थंडीत सुरू होण्यासाठी पेट्रोलची एक छोटी टाकी वर्षानुवर्षं वेगळी द्यावी लागत होती, ती उगाच नव्हे.

वाफेच्या कथेत आणखी एक पीळ आहे. २०१०मध्ये होंडाच्या संशोधकांनी पेट्रोलच्या काजळीसाठी एक निर्देशांक मांडला. प्रत्येक घटकाची काजळी करण्याची क्षमता त्यांनी त्याच्या उडून जाण्याच्या क्षमतेने भागली आणि सगळ्या घटकांची बेरीज केली. या मापाने पाहिलं तर पेट्रोलच्या तळाशी असलेले दहा-अकरा कार्बनांचे जड अ‍ॅरोमॅटिक हे खरे गुन्हेगार ठरतात. प्रमाणाने थोडे, पण उडत नाहीत आणि कड्यांनी भरलेले. इथेनॉलचा वाटा या बेरजेत शून्याच्या जवळ येतो. गणित सुरेख आहे आणि थेट फवारणीच्या इंजिनांत ते बऱ्यापैकी लागू पडतं. फक्त त्यात प्रत्येक घटक आपापला स्वतंत्र वागतो असं गृहीत धरलं आहे, आणि इथेनॉल तसं वागत नाही. ते पेट्रोलमधल्या हलक्या घटकांशी सलगी करून त्यांच्यासकट सत्तर अंशांच्या आगेमागे उडून जातं आणि जाताना थेंबाची उष्णता घेऊन जातं. मागे गारठलेला, जड अ‍ॅरोमॅटिकांनी घट्ट झालेला थेंब उरतो. त्याची वाफ व्हायला आता आणखी वेळ लागतो. कोलोराडोतल्या अमेरिकेच्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेत हे थेंबांच्या प्रतिकृती आणि इंजिन या दोहोंवर तपासून पाहिलं गेलं. जड अ‍ॅरोमॅटिक असलेल्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल घातल्यावर निर्देशांक सांगतो त्याहून जास्त काजळी येऊ शकते, असं त्यांना आढळलं. ते जड घटक नसतील तर हा प्रकार फारसा दिसत नाही.

म्हणजे उत्तर पुन्हा उरलेल्या ऐंशी-नव्वद टक्क्यांपाशी आलं.

हे लक्षात ठेवून गाड्यांवरच्या मोठ्या चाचण्यांकडे पाहिलं की त्यांच्यातली विसंगती बरीच सैल होते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१३मध्ये एका प्रचंड प्रयोगाचा अहवाल दिला. २००८ सालच्या १५ गाड्या आणि मुद्दाम बनवलेली २७ इंधनं. निष्कर्ष असा की इतर गुणधर्म तेच ठेवून इथेनॉल वाढवलं तर कणांचं उत्सर्जन वाढतं. अ‍ॅरोमॅटिक वाढवले तरी वाढतं. इथेनॉलवाल्यांनी यावर मोठा गहजब केला. त्यांचा आक्षेप 'इतर गुणधर्म तेच ठेवून' या शब्दांवर होता. इथेनॉल घातलं की पेट्रोलचा मधला भाग कमी तापमानाला उडू लागतो. तो आकडा पूर्ववत आणायचा तर बाकीच्या पेट्रोलमध्ये जड घटक वाढवावे लागतात. मग वाढलेली काजळी इथेनॉलची की त्या जड घटकांची? ताकात पाणी ओतलं तर ताक पातळ होतं. कढी दाटच राहिली पाहिजे म्हणून बेसन वाढवलं आणि मग कढी पोटाला जड झाली, तर दोष पाण्याला देणार का? मला हा आक्षेप अर्धा पटतो. अर्धाच, कारण रिफायनरी खरोखर काय करते हा वेगळा प्रश्न आहे. ती नेहमीच नुसतं पाणी ओतत नाही, कधीकधी बेसनही घालते.

कॅलिफोर्नियात दुसरी पद्धत वापरली गेली. तिथल्या हवा मंडळासाठी रिव्हरसाइडच्या विद्यापीठाने २० अलीकडच्या गाड्या घेतल्या. बाजारातलं दहा टक्के इथेनॉलचं पेट्रोल घेऊन त्यात आणखी इथेनॉल नुसतं वरून ओतलं आणि प्रमाण पंधरावर नेलं. २०२२मध्ये आलेल्या निकालात कणांचं वजन १८ टक्क्यांनी घटलेलं होतं. पुढे २०२५च्या ऑक्टोबरमध्ये त्या राज्याने पंधरा टक्क्यांच्या मिश्रणाला परवानगीही दिली. दोन्ही प्रयोग चोख आहेत आणि त्यांचे निष्कर्ष एकमेकांना छेदतही नाहीत. एकाने पाण्याचा गुणधर्म मोजला, दुसऱ्याने पातळ ताकाचा. ऐंशी-पंच्याऐंशी टक्के इथेनॉलपर्यंत गेलं तर बहुतेक प्रयोगांत काजळी स्पष्ट घटते, कारण कडी असलेलं फार काही उरतच नाही. निकाल विखुरलेले दिसतात ते दहा ते तीस टक्क्यांच्या पट्ट्यात, आणि नेमक्या याच पट्ट्यात जगातले बहुतेक देश आहेत.

प्रयोगशाळेबाहेर, खऱ्या शहरात काय होतं? याचं मला सर्वांत आवडलेलं उत्तर साओ पावलोचं. ब्राझीलने १९७५मध्ये अल्कोहोलचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला आणि २००३पासून तिथे कुठल्याही प्रमाणात पेट्रोल-इथेनॉल चालणाऱ्या गाड्या आल्या. तिथला चालक पंपावर उभा राहून साधा हिशेब करतो. इथेनॉलचा भाव पेट्रोलच्या सत्तर टक्क्यांच्या आत असेल तर इथेनॉल, नाहीतर पेट्रोल. २०११च्या पहिल्या महिन्यांत इथेनॉल महागलं आणि सुमारे वीस लाख चालक पेट्रोलकडे वळले. भाव उतरल्यावर परत फिरले. एवढा मोठा प्रयोग कुठल्याही संशोधकाला मुद्दाम करता आला नसता. साखरेच्या बाजाराने तो फुकट करून दिला. अल्बर्टो साल्वो, पाउलो आर्ताशो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या काळातली हवा, वाहतूक आणि हवामानाची नोंद एकत्र लावली. २०१७मध्ये त्यांनी मांडलेला निष्कर्ष असा: लोक पेट्रोलकडे वळले तेव्हा सकाळच्या गर्दीच्या वेळी ७ ते १०० नॅनोमीटरच्या कणांची संख्या एक तृतीयांशाने वाढली, आणि इथेनॉलकडे परतल्यावर उतरली.

इथे दोन गोष्टी नजरेआड होऊ द्यायच्या नाहीत. त्या काळातही साओ पावलोच्या 'पेट्रोल'मध्ये वीस-पंचवीस टक्के इथेनॉल होतंच. म्हणजे तुलना आजच्या आपल्या पेट्रोलसारखं काहीतरी आणि निव्वळ इथेनॉल यांच्यातली आहे. शुद्ध पेट्रोल आणि ई-२० यांच्यातली नाही. आपल्याकडच्या प्रचारात हा निष्कर्ष कुणी वापरला तर एवढं विचारायला हवं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. पीएम २.५ म्हणून जे वजन हवेत मोजतात, त्यात काहीही फरक दिसला नाही. शंभर नॅनोमीटरखालच्या कणांना वजन असं नसतंच. ते लाखोंनी वाढले तरी तराजू हलत नाही. पण फुफ्फुसाच्या अगदी आतल्या पिशव्यांपर्यंत पोचतात ते हेच. साल्वो आणि फ्रांझ गायगर यांनी २०१४मध्ये याच शहरात हेही दाखवलं होतं की पेट्रोलचा वापर वाढला तेव्हा ओझोन सुमारे वीस टक्क्यांनी उतरला. कण घटवायचे तर ओझोन वाढतो, असा तो सौदा निदान त्या शहरात, त्या हवामानात होता.

बाकीच्या अल्कोहोलांबद्दल थोडक्यात. मिथेनॉलमध्ये कार्बन एकच. कार्बनला कार्बन लागलेलाच नाही, त्यामुळे काजळीची सुरुवातच होत नाही. त्याची ज्योत इतकी बिनकाजळीची की ती उन्हात दिसत नाही. अमेरिकेतल्या इंडियानापोलिसच्या शर्यतीत अनेक दशकं मिथेनॉल वापरत. १९८१मध्ये तिथे रिक मीअर्सच्या गाडीत इंधन भरताना भडका उडाला, तेव्हा माणसं पेटलेली होती आणि आग कुणाला दिसत नव्हती. काजळीचा एक उपकारही आहे तो असा. मिथेनॉल विषारी, धातूंना खाणारं आणि ऊर्जेत इथेनॉलहूनही तोकडं. ब्युटेनॉल दुसऱ्या टोकाला. चार कार्बन, ऑक्सिजन वजनाने बावीस टक्क्यांच्या आत, एकशेअठरा अंशांना उकळणारं. पेट्रोलशी आणि पाण्याशी त्याचं वागणं सरळ, पण काजळी घटवण्याची ताकद कमी, आणि त्याचा फांद्या फुटलेला भाऊ पाणी टाकून जे मागे ठेवतो ते एथिलीनपेक्षा जास्त काजळी करणारं. हाच फांद्यांचा भाऊ, आयसोब्युटेनॉल, डिझेलमध्ये मिसळायची चाचपणी आपल्याकडे सुरू आहे. डिझेलची गोष्ट वेगळी. तिथे मुळात काजळी इतकी होते की थोडा ऑक्सिजनही चटकन दिसतो.

आता आपल्याकडे. भारतात हा खेळ नवा नाही. १९४८मध्ये पॉवर अल्कोहोलचा कायदाच झाला होता. तो न वापरता पडून राहिला आणि २०००मध्ये रद्द झाला. त्यानंतर वर्षभरातच प्रायोगिक मिश्रण सुरू झालं, तेही आपल्या मिरज आणि मनमाडमध्ये, आणि उत्तर प्रदेशात एका ठिकाणी. मळीचं काय करायचं हा तेव्हा साखर कारखान्यांचा प्रश्न होता. धुराचा प्रश्न कुणाच्या मनातही नव्हता. २०१३-१४मध्ये देशातलं मिश्रण दीड टक्का होतं. २०२२च्या जूनमध्ये ते दहावर गेलं, ६ फेब्रुवारी २०२३ला बंगळुरात ई-२०चं उद्घाटन झालं आणि २०२५मध्ये वीस टक्के गाठले गेले. बारा वर्षांत दीडावरून वीस, हा वेग थक्क करणारा आहे. त्याचा फायदा कोल्हापूर-अहिल्यानगरच्या कारखान्यांना झाला तसा आता मक्यालाही होतो आहे. देशातल्या इथेनॉलमध्ये मक्याचा वाटा आज उसापेक्षा मोठा आहे.

या धोरणामागचा मुख्य दस्तऐवज म्हणजे नीती आयोगाचा जून २०२१चा आराखडा. त्यात प्रदूषणाचे आकडे आहेत. ई-२०मुळे दुचाकीत कार्बन मोनॉक्साइड निम्म्याने आणि चारचाकीत तीस टक्क्यांनी कमी, हायड्रोकार्बन वीस टक्क्यांनी कमी, नायट्रोजन ऑक्साइडांमध्ये निश्चित कल नाही. चाचण्या पुण्याच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेत, डेहराडूनच्या पेट्रोलियम संस्थेत आणि इंडियन ऑइलमध्ये झालेल्या. आकडे विश्वासार्ह आहेत. पण शीर्षकात झळकलेल्या या आकड्यांत काजळी नाही. याचं कारण दुष्टपणा नव्हे. त्या काळच्या पेट्रोल गाड्यांना कणांची मर्यादाच नव्हती, मग मोजणार कशासाठी? एआरएआयच्या टेकडीवर सकाळी फिरायला येणाऱ्या पुणेकरांना पायथ्याच्या कोथरूडवरचं करडं पांघरूण दिसतं. त्यातला किती हिस्सा पेट्रोल गाड्यांचा, हे त्या पांघरुणाकडे बघून कुणीही सांगू शकत नाही.

बीएस-६ने १ एप्रिल २०२० पासून चित्र थोडं बदललं. थेट फवारणीच्या पेट्रोल गाड्यांना आता किलोमीटरमागे ६०० अब्ज कणांची मर्यादा आहे; सुरुवातीच्या तीन वर्षांत दहापट सवलत होती. मोजणी २३ नॅनोमीटरच्या वरच्या कणांची होते. युरोपने पुढच्या टप्प्यात ती १० नॅनोमीटरपर्यंत खाली आणली आहे. बाहेर फवारणी करणाऱ्या गाड्यांना आणि दुचाकींना कणांच्या संख्येची मर्यादा नाही. दुचाकींत इंजिन ऑइलमधूनही कण येतात, हा आणखी एक न मोजलेला रकाना.

आणि ई-२०वरून २०२५च्या पावसाळ्यात जो गदारोळ झाला, तो मायलेज आणि रबरी नळ्यांवरून. शुद्ध पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबरमध्ये फेटाळली. मायलेजची तक्रार खोटी नव्हे. इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांश ऊर्जा असते, तेव्हा काही टक्के घट ठरलेलीच. नीती आयोगाच्या आराखड्यातही ती लिहिलेली आहे. पण वर्तमानपत्रांच्या त्या रकानेच्या रकाने मजकुरात ई-२०मधलं बाकीचं पेट्रोल कसं आहे हा प्रश्न मला दिसला नाही. तो विचारण्यासारखा आहे, कारण इथेनॉलचा ऑक्टेन १०८च्या घरात आहे. आजवर ऑक्टेन वाढवण्यासाठी रिफायनरीत नाफ्थ्यापासून अ‍ॅरोमॅटिक बनवून पेट्रोलमध्ये घालत आले. वीस टक्के इथेनॉल आल्यावर त्यातले बरेच घालायची गरज उरत नाही. टोल्युईन आणि झायलीन रसायन उद्योगाला विकता येतात. तसं केलं तर इथेनॉलबरोबर अ‍ॅरोमॅटिकही घटतात आणि काजळीला दुहेरी मार बसतो. मूळ पेट्रोल ३५ टक्क्यांचं असेल आणि त्यात इथेनॉल नुसतं ओतलं तरी अ‍ॅरोमॅटिक २८ टक्क्यांवर येतात. पण मर्यादेच्या आत राहून जड घटक वाढवले तर कायद्याने कुणी अडवत नाही. शिवाय ३५ टक्क्यांची मर्यादा सगळ्या अ‍ॅरोमॅटिकांना सरसकट आहे. हलकं टोल्युईन आणि उडता न उडणारे दहा-अकरा कार्बनांचे जड घटक तिच्या लेखी सारखेच. होंडाच्या निर्देशांकाने पंधरा वर्षांपूर्वी हा भेद दाखवला, आपल्या पेट्रोलच्या मानकात तो अजून उतरलेला नाही. इथेनॉल वीसवरून सत्तावीस करायचं की तीस, यावर समित्या बसतील. मला त्याआधी पेट्रोलच्या शेवटच्या दहा टक्क्यांच्या उकळबिंदूवर एखादी समिती बसलेली आवडेल.

माझ्या गाडीत थेट फवारणीचं इंजिन आहे. गेल्या महिन्यात पीयूसी, म्हणजे प्रदूषण तपासणीचं प्रमाणपत्र, संपलं म्हणून पंपाशेजारच्या टपरीवजा केंद्रावर गेलो. तिथल्या मुलाने नळकांड्यात नळी घातली, नंबरप्लेटचा फोटो काढला, दोन मिनिटांत पावती हातात दिली. कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोकार्बन, दोन्ही मर्यादेच्या बरेच आत. डिझेल गाडीचा धूर यंत्र मोजतं, पेट्रोलचा मोजत नाही. त्यामुळे पावतीवर त्याला रकानाही नाही. तो नळी पुसत होता तेवढ्यात मी नळकांड्याच्या कडेवरून आतून बोट फिरवलं. काजळ धरल्यासारखं काळं झालं.

"सगळ्यांचंच होतं, काका," तो म्हणाला, आणि पुसायला फडकं पुढे केलं.